चिकूला नॅशनल पार्कात नेऊ नकोस, पण समुद्र जरूर दाखव

पत्र: ताई, आम्ही कोथरूडला राहतो, मी, नवरा आणि आमचा अडीच वर्षांचा लॅब्रॅडोर चिकू. डिसेंबरच्या सुट्टीत बोरिवली पूर्वेला दिरांकडे चार दिवस जाणार आहोत. प्लॅन असा की एक दिवस नॅशनल पार्क आणि त्यातली कान्हेरी लेणी, दुसऱ्या दिवशी गोराई-मनोरी बीच. दीर म्हणतात पार्कात कुत्रा आत सोडत नाहीत, पण मी स्वतः मागे गेले होते तेव्हा आत भटकी कुत्री मस्त फिरत होती, मग आमच्या लसी घेतलेल्या चिकूनेच काय घोडं मारलंय? माझी बहीण बॉस्टनला असते, ती तिच्या कुत्र्याला घेऊन अकेडिया नॅशनल पार्कात जाऊन आली, फोटो बघून जीव जळतो. नवरा म्हणतो चिकूला गाडीत ठेवू, काचा थोड्या खाली करून, दोन तासांचा तर प्रश्न आहे. सासूबाई म्हणतात त्याला आणूच नका. चिकूने अजून समुद्र बघितलेला नाही. काय करू? — चिकूची आई

उत्तर:

अगं चिकूची आई, सगळ्यात आधी गाडीचं बोलते, कारण बाकी चुका सुधारता येतात, ही नाही. चिकूला गाडीत ठेवायचं नाही. दोन तास नाही, वीस मिनिटं पण नाही. मुंबईत डिसेंबरच्या दुपारी सुद्धा तापमान 30 च्या पुढे जातं आणि बाहेर 30 असलं की उन्हात उभ्या गाडीत अर्ध्या तासात 45 च्या वर जातं, काचा दोन बोटं खाली असल्या तरी फार फरक पडत नाही. आपल्याला घाम येतो, कुत्र्याला तो जवळपास फक्त पंजांना येतो, बाकी सगळं काम जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर चालतं, आणि आत हवाच गरम असेल तर धापा टाकून तरी काय होणार. कुत्र्याचं नॉर्मल तापमान 38 ते 39 च्या आसपास असतं, 41 च्या वर गेलं की मेंदू, किडनी सगळ्यावर परिणाम व्हायला लागतो. लॅब्रॅडोर तर अंगाने जाड आणि केसाळ. नवऱ्याला प्रेमाने सांग, पण हा मुद्दा सोडू नकोस.

आता पार्क. दीर बरोबर सांगतायत, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पाळीव प्राणी नेता येत नाहीत, आणि गेटवरच्या माणसाशी वाद घालू नकोस कारण तो त्याचं काम करतोय. पण "नियम आहे म्हणून" एवढ्यावर तुझं समाधान होणार नाही हे तुझ्या पत्रावरून कळतंय, आणि मला वाटतं ते होऊ पण नये. कारणं समजून घे, मग तुला त्या नियमाचा राग येणार नाही.

पहिली गोष्ट बिबट्या. सुमारे 104 चौरस किलोमीटरचं जंगल, शहराला अगदी चिकटून, आणि आत चाळीसच्या वर बिबटे. या बिबट्यांच्या खाण्यात कुत्रा हा नेहमीचा पदार्थ आहे, जंगलाच्या कडेला तर फारच. म्हणजे तुला दिसलेली ती भटकी कुत्री "मस्त फिरत" होती असं तुला वाटलं, पण त्यातली किती पुढच्या वर्षी असतील सांगता येत नाही. चिकू तुझ्यासाठी चिकू आहे, बिबट्यासाठी तो तीस किलोचं, आवाज करणारं, जंगलाची काहीच माहिती नसलेलं सावज आहे. आणि त्यात घोणस, नाग, माकडं आलीच. माकडाच्या मागे धावलेला लॅब्रॅडोर कुठल्या झुडपात शिरेल, तू त्याच्यामागे किती आत जाशील, हे तूच बघ डोळ्यासमोर आणून.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते आणि ती लोकांना माहीतच नसते. चिकूपासून जंगलाला धोका आहे. 2018 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरमध्ये तीन आठवड्यांत 23 सिंह गेले, सगळे एकाच भागातले. त्यांच्या नमुन्यांत कॅनाइन डिस्टेंपर सापडला, आणि हे शोधून काढलं ते आपल्या पुण्याच्या एनआयव्हीने, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेने. कॅनाइन म्हणजे कुत्र्यांचाच हा रोग, आपण पिल्लांना ज्याची लस देतो तोच. त्याआधी 1994 मध्ये आफ्रिकेत सेरेंगेटीला याच रोगाने हजारच्या आसपास सिंह मेले होते, तिथल्या सिंहांतला जवळजवळ तिसरा हिस्सा. तू म्हणशील चिकूच्या लसी झाल्यात. झाल्यात, छानच केलंस, पण लस गोचिडीला थांबवत नाही, खरजेला थांबवत नाही, आणि पार्व्हो या कुत्र्यांच्याच दुसऱ्या रोगाचा विषाणू तर मातीत महिनोन्‌महिने टिकतो, तो पंजाला चिकटून पण येऊ शकतो. लस घेतलेला कुत्रा कोण आणि न घेतलेला कोण हे गेटवर बघून कळत नाही गं. भटकी कुत्री आत आहेत हे खरं आहे, पण तो त्या जंगलाचा आजार आहे, आपल्याला त्यात भर घालायची परवानगी नाही.

आणि ती हरणं. आत गेल्यावर सकाळी चितळांचे कळप दिसतात, शांत चरत असतात. कुत्रा त्यांच्यासाठी शिकारीच. पट्ट्याला बांधलेला असो नाहीतर मोकळा, वास आला की कळप माना वर करून उभा राहतो, खाणं थांबतं. दिवसभरात पाचशे लोक आपापला कुत्रा घेऊन आले तर त्या चितळांनी चरायचं कधी?

आता बहिणीच्या फोटोंबद्दल, कारण खरं दुखणं तिथे आहे असं मला वाटलं. अकेडियात कुत्रे नेता येतात हे खरंय, अमेरिकेत कुत्र्यांना एवढी मोकळीक देणारी नॅशनल पार्कं फार थोडी आहेत त्यातलं ते एक, शंभर मैलांच्या पायवाटा आणि 45 मैलांचे जुने घोडागाडीचे रस्ते त्यांच्यासाठी खुले आहेत. पण बहिणीला विचार, पट्टा किती लांब होता? सहा फूट, त्याहून जास्त चालत नाही. आणि तिथली ती सुंदर पुळण, सँड बीच, तिथे 15 जून ते 8 सप्टेंबर कुत्र्यांना बंदी असते, म्हणजे ऐन उन्हाळ्यातच. लोखंडी शिड्या असलेल्या कड्यांच्या वाटांवर पण नाही. आणि यलोस्टोनला गेलीस तर गाडीरस्त्यापासून शंभर फुटांच्या पलीकडे कुत्रा नेता येत नाही, पायवाटांवर तर बंदीच. म्हणजे तिथे सगळं मोकळं आणि आपल्याकडे सगळं बंद असं नाहीये, प्रत्येक जागा आपल्या जनावरांकडे बघून ठरवते. अकेडियात बिबट्या नाही. बोरिवलीत आहे.

मग पार्काचा दिवस कसा करायचा? दोन गट करा. एका सकाळी तू आणि जाऊबाई जा, नवरा आणि दीर चिकूपाशी, दुसऱ्या सकाळी उलट. सोमवारी पार्क बंद असतो तेवढं बघून ठेव. कान्हेरीला शंभराच्या वर लेणी आहेत, उन्हं चढायच्या आत वर पोचलात तर दोन-अडीच तास कसे जातात कळत नाही, आणि खरं सांगते, कुत्रा बरोबर नसला की लेणी नीट बघून होतात. चिकूला दिरांच्या घरी पहिल्याच दिवशी एकटा टाकून जाऊ नका मात्र. नवीन घर, नवीन वास, लिफ्टचे आवाज, तो दारावर ओरखडे काढेल, भुंकेल, शेजारी तक्रार करतील आणि सासूबाईंचं म्हणणं खरं ठरेल. त्याची रोजची चादर न धुता घेऊन जा, त्यावर घरचा वास असतो.

एक गोष्ट तू विचारली नाहीस पण सांगते. दीर बोरिवली पूर्वेला म्हणतेस, म्हणजे बिल्डिंग पार्काच्या भिंतीच्या किती जवळ आहे ते विचारून घे. त्या पट्ट्यातल्या सोसायट्यांच्या आवारात बिबट्या येऊन जातो, सीसीटीव्हीत दिसतो, तिथल्या लोकांना त्याचं नवल उरलेलं नाही. चिकूला रात्रीचं शू करायला नेताना उजेडातून न्या, जंगलाच्या बाजूच्या गल्लीत नको, मोठ्या माणसाने न्या, पट्टा आखूड धरा आणि फोन खिशात ठेवा. पहाटे अंधारात तर नाहीच.

आता समुद्र! हे मात्र नक्की कर, सासूबाईंना माझा निरोप सांग की त्याला जरूर आणा.

गोराईला बोरिवली पश्चिमेच्या जेट्टीवरून खाडी ओलांडून बोटीने जाता येतं, दहा-पंधरा मिनिटांचं काम, पण कुत्रा घेणार का ते बोटवाल्याला आधी विचार, गर्दीच्या वेळी जाऊ नका, आणि चिकूला बोटीच्या मधोमध खाली बसवून पायांत धर. गाडीने जायचं तर भाईंदर-उत्तनवरून लांबचा फेरा आहे, पण पहिल्या वेळेला मी तोच घेईन, कारण परत येताना ओला, वाळूने माखलेला, दमलेला लॅब्रॅडोर बोटीत पन्नास लोकांमध्ये कुणालाच नको असतो. मनोरीला ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळ ख्रिस्ती लोकांचे जुने बंगले भाड्याने मिळतात, काही जण कुत्रा चालवून घेतात, बुकिंगच्या आधी फोनवर स्पष्ट विचार आणि उत्तर मेसेजवर लिहून घे. माझ्याबरोबर एकदा कोकणात असं झालंय की फोनवर "हो हो चालेल" म्हणाले आणि रात्री नऊ वाजता दारात उभं राहून "कुत्रा बाहेर बांधा" म्हणाले, दोन लहान मुलं झोपेला आलेली आणि आम्ही अंधारात दुसरं घर शोधत फिरलो. आक्सा बीच मात्र टाळ. तिथे पाण्याला ओढ वाईट आहे, माणसं बुडतात, आणि कुत्रा आत ओढला गेला की त्याच्यामागे मालक जातो.

वेळ कशी ठरवायची हे मला एका कोळीणबाईंनी शिकवलं आणि मी अजून तेच वापरते. कॅलेंडरवर तिथी बघ आणि तिची पाऊणपट कर, ती साधारण भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाच पाऊण पावणेचार, म्हणजे पावणेचारला भरती, अष्टमीला आठ पाऊण सहा, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. तुला हवीय सकाळची ओहोटी, कारण तेव्हा पुळण रुंद असते, वाळू ओली आणि घट्ट असते, पंजे भाजत नाहीत आणि माणसं कमी. म्हणजे पौर्णिमा किंवा अमावस्या ते तृतीया हे दिवस तुझ्या कामाचे, सकाळी सहा ते सव्वाआठच्या आसपास पाणी मागे असेल. अष्टमी-नवमीला सकाळी गेलीस तर पाणी भरतीचं आणि वाळू मिळेल ती भर दुपारी. एवढं मात्र लक्षात ठेव की पौर्णिमा-अमावस्येचे दिवस उधाणाचे, पाणी जितकं लांब जातं तितक्याच वेगाने परत येतं, त्यामुळे खडकांच्या पलीकडे जाऊन बसू नका.

वाळू तापलीय का बघायला आपल्या हाताचा मागचा भाग सात-आठ सेकंद टेकवून बघ, तुला धरवत नसेल तर त्याला चालवत नाही. साडेनऊच्या पुढे थांबूच नका.

पट्टा. मोकळं सोडायचा मोह होणार, मला माहितीये, मोकळी पुळण बघून आपल्यालाच धावावंसं वाटतं. पण सोडू नकोस. पाच मीटरची लांब दोरी घे, त्यात तो मनसोक्त पळू शकतो. का ते सांगते. एकतर तिथली गावातली कुत्री, त्यांची टोळी असते आणि तो किनारा त्यांचा असतो, चिकू अनोळखी. ती आली तर चिकूला उचलायचं नाही, ओरडायचं नाही, पळायचं तर अजिबात नाही, दोरी जवळ घेऊन तिरकं वळून शांतपणे दुसरीकडे चालायचं, बहुतेक वेळा हद्दीपर्यंत सोडून ती परत जातात. दुसरं, गोराई-मनोरी ही कोळ्यांची गावं आहेत. बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले असतात, खाली जवळा पसरलेला असतो, आणि कुत्र्याने एकदा पाय वर केला की एका घराची दोन दिवसांची मेहनत वाया. आपण पैसे देऊ म्हटलं तरी ते अन्न आहे गं कुणाचं तरी. जाळ्यांजवळ गळ, तारा, नायलॉनचे तुकडे पडलेले असतात, आणि जाळ्यातून काढून फेकलेला केंड मासा पण असतो, तो फुगणारा. तो विषारी आहे, सुकलेला असला तरी विषारीच, आणि लॅब्रॅडोर म्हटल्यावर तोंडात घातल्याशिवाय राहणार नाही. "सोड" हा शब्द चिकूला येतो का? नसेल तर अजून वेळ आहे, रोज संध्याकाळी चिकनचा तुकडा हातात घेऊन शिकव. खाल्लाच काही तर घरी थांबून वाट बघू नका, थेट व्हेट. बोरिवलीतला एक व्हेट आणि रात्री उघडं असणारं एक क्लिनिक, दोन्हीचे नंबर निघायच्या आधी फोनमध्ये घालून ठेव.

तिसरं कारण सांगताना मला अजून वाईट वाटतं. काही वर्षांपूर्वी आम्ही दापोलीकडच्या एका किनाऱ्यावर होतो, फेब्रुवारी महिना, पहाट, कुणीच नाही, म्हणून मी आमच्या राणीला मोकळं सोडलं. ती वरच्या कोरड्या वाळूत उकरायला लागली, मला वाटलं खेकडा असेल, मी फोटो काढत उभी. जवळ गेले तर पांढरी गोल अंडी. ऑलिव्ह रिडले कासवाचं घरटं. तीन-चार फुटली होती, तिच्या तोंडाला लागलं होतं. एक मादी रात्री येऊन शंभर-सव्वाशे अंडी घालून जाते, नंतर तिचा त्यांच्याशी संबंध नाही, पन्नास-एक दिवस ती वाळूच्या भरवशावर असतात. गावातल्या कासवमित्राला बोलावलं, त्याने एक शब्द न बोलता उरलेली अंडी मोजून बादलीत ठेवली आणि हॅचरीकडे, म्हणजे अंडी राखून उबवायच्या जागेकडे, घेऊन गेला. रागावला असता तर बरं वाटलं असतं. कोकणातल्या वेळास गावी 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने आणि गावकऱ्यांनी ही घरटी राखायचं काम सुरू केलं, त्याआधी अंडी माणसं न्यायची, कोल्हे-कुत्रे न्यायचे. आणि हे फक्त कोकणातलं नाही, 2018 च्या मार्चमध्ये आपल्या वर्सोव्याच्या किनाऱ्यावर या कासवांची पिल्लं निघाली होती, मुंबईत! तुम्ही जाताय तो डिसेंबर म्हणजे अंडी घालायचा हंगाम सुरू झालेला असतो. म्हणून वरच्या कोरड्या वाळूत उकरू द्यायचं नाही, खेळ सगळा ओल्या वाळूत. भरती आली की तिथले खड्डे पण बुजतात. आणि पाण्याच्या कडेला कुरव आणि चिखल्या पक्ष्यांचे थवे बसलेले असतील, थंडीत लांबून आलेले, त्यांच्या अंगावर चिकूला सोडून ते सगळे उडताना व्हिडिओ काढू नका, प्लीज.

पाण्यात पहिल्यांदा नेताना ओढू नकोस. काही लॅब्रॅडोर लाट बघून घाबरतात, मागे सरकतात, भुंकतात. तू स्वतः घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहा आणि त्याला ठरवू दे, पहिल्या दिवशी फक्त पाय भिजले तरी पुरे. घरचं गोडं पाणी दोन-तीन लिटर घे आणि दर पंधरा मिनिटांनी पाज, तहानलेला कुत्रा खारं पाणी पितो, मग उलट्या, जुलाब, आणि जास्त प्यायला तर मीठ रक्तात चढून जिवावर बेतू शकतं. टेनिस बॉल नको, त्याला वाळू चिकटते आणि प्रत्येक वेळी थोडी पोटात जाते, तरंगणारं रबरी खेळणं घे. नाल्याचं पाणी जिथे समुद्रात मिळतं तिथे बिलकुल नाही. खूप पोहला तर दुसऱ्या दिवशी त्याची शेपटी एकदम लुळी पडलेली दिसेल, लॅब्रॅडोरमध्ये हे होतं, मोडलीय असं वाटून घाबरू नकोस, आराम दिला की बहुतेक वेळा काही दिवसांत उतरतं, पण दुखत असेल तर व्हेटला दाखव आणि माणसांची पेनकिलर मुळीच देऊ नकोस.

पू उचलायच्या पिशव्या घे, मोजून चार जास्तीच्या. वाळूत पुरायची नाही, घरी आणून टाकायची.

निघायच्या आधी आठ दिवस गोचिडीचं औषध लाव, मानेवर टाकायचं किंवा गोळी, तुझा व्हेट सांगेल ते, आणि लसीकरणाचं पुस्तक बरोबर ठेव. पुण्याहून निघताना तीन-चार तास आधी थोडंच खायला दे म्हणजे घाटात उलटी होत नाही. वाटेत फूड मॉलला थांबाल तेव्हा दार उघडायच्या आधी पट्टा हातात, दार नंतर.

समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्याने अंघोळ, कानांच्या आत कोरड्या कापसाने टिपायचं, लॅब्रॅडोरचे कान खाली पडलेले त्यामुळे ओल राहते आणि मग कान सडतात, बोटांच्या मधली वाळू काढायची. पुण्याला परत गेल्यावर दोन-तीन आठवडे त्याच्याकडे लक्ष ठेव, कानामागे, काखेत, शेपटीखाली बोटं फिरवून गोचीड बघ. जेवण सोडलं, ताप वाटला, हिरड्या पांढऱ्या दिसल्या किंवा नाकातून रक्त आलं तर त्याच दिवशी व्हेटकडे जा आणि आपण जंगलाच्या कडेला चार दिवस राहून आलोय हे त्यांना आपणहून सांग, गोचिडीचा ताप आहे का ते लगेच रक्त तपासून बघतील.